नांगर विकायला लागलेली दोन वर्षं : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची कला



दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनात जाहिरात लिहायला येते. मुलं काय लिहितात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक चौकट आखायची, वर ठळक अक्षरात दुकानाचं नाव, खाली त्वरा करा, आजच भेट द्या, भव्य सवलत, आणि कोपऱ्यात पत्ता. वस्तू कोणतीही असो, छत्री असो की शिकवणी, साचा तोच. गुण मिळतात, आपणही देतो.

पण हाच मुलगा आठवडी बाजारात वडिलांच्या भाजीजवळ बसलेला असतो. समोरची बाई विचारते, मेथी आजची आहे का कालची? मुलगा खाली बघतो. वडीलच काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. वहीत सुंदर जाहिरात लिहिणाऱ्या मुलाला समोरच्या माणसाला दोन वाक्यं सांगता येत नाहीत. मग भाषेच्या तासाला आपण नक्की काय शिकवलं, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न नुसता गुणांचा नाही. आपल्याकडे पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे जाऊन आपली बरीच मुलं काही ना काही विकणार आहेत. कोणी भूम-परांड्याकडचा खवा विकेल, कोणी तुळजापुरात कवड्यांच्या माळा, कोणी उस्मानाबादी शेळ्या पाळेल, कोणी द्राक्षं किंवा तूरडाळ शहरात पाठवील. माल चांगला असूनही तो नीट सांगता आला नाही, तर भाव दुसराच कोणीतरी ठरवतो. हे आपण घरोघरी बघतोच.

आणि व्यापार आपल्या मातीला नवीन नाही बरं का. आपलं तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, या तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून दूर भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. म्हणजे धंदा हे आपलं काम नव्हे, असं म्हणायला आपल्याला जागाच नाही.

म्हणून या पाठासाठी मी अशा माणसाचं चरित्र निवडलं आहे, ज्याला स्वतःची चांगली वस्तू लोकांना पटवून द्यायला फार वेळ लागला. पण त्या वेळात तो जे शिकला, त्यातून महाराष्ट्रात एक मोठा उद्योग उभा राहिला. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी किर्लोस्करचा नांगर हा शब्द होता, तेच हे किर्लोस्कर.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. घरात वेदान्ताच्या अभ्यासाचं वातावरण होतं. वडील काशिनाथपंत विद्वान माणूस. मुलगा मात्र पोथीत रमेना. त्याला ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. पाठांतराच्या अभ्यासात तो काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. आपल्या वर्गातही असे दोन-चार असतात. वहीत यंत्रांची चित्रं काढत बसतात आणि आपण त्यांना फळ्याकडे बघायला सांगतो.

चित्रकलेसाठी हा मुलगा मुंबईला गेला. सर जे. जे. कला शाळेत नाव घातलं. तिथे एक विचित्रच अडचण निघाली. त्याला काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नव्हते. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. दुसरा कोणी असता तर ट्रंक उचलून घरी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं करण्यात ते तरबेज झाले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तो विषय शिकवू लागले.

म्हणजे बघा, हा उद्योजक मुळात शिक्षक होता. आपल्यातलाच. यंत्राचं रेखाटन शिकवणं म्हणजे काय? जे विद्यार्थ्याने कधी पाहिलेलं नाही, ते त्याला कागदावर असं दाखवायचं की त्याला आतलं चाक फिरताना दिसलं पाहिजे. पुढे धंद्यात जी गोष्ट त्यांच्या कामी आली, तिची तालीम इथे वर्गात झाली असं मला वाटतं. शिकवता शिकवता ते संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रं हाताळत राहिले. परदेशातून येणारी तांत्रिक मासिकं वाचत राहिले. त्यांच्याकडे अभियंत्याची पदवी कधीच नव्हती.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

सायकल विकायची, आणि बसायलाही शिकवायचं

बेळगावात त्यांचे वडीलबंधू रामचंद्रराव, सगळे त्यांना रामूअण्णा म्हणत, आधीच होते. लक्ष्मणराव मुंबईत असतानाच दोघांनी एक छोटा व्यवहार सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. नोकरी सुटल्यावर लक्ष्मणराव या दुकानातच आले. ज्या रस्त्यावर किर्लोस्करांचं बस्तान होतं, त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

आता इथे जरा थांबा आणि त्या काळची सायकल डोळ्यांसमोर आणा. आज आपल्या शाळेत अर्धी मुलं सायकलवर येतात. त्या वेळी मात्र ती साहेबाची, श्रीमंताची वस्तू. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचंच नवल. अशा वस्तूची नुसती किंमत सांगून काय होणार? गिऱ्हाईक बघणार, हात लावणार आणि निघून जाणार. कारण त्याच्या मनातला खरा प्रश्न किंमतीचा नसतोच. मी चारचौघांत पडलो तर? हा त्याचा प्रश्न. पण तो तसं बोलून दाखवत नाही.

किर्लोस्कर बंधूंनी सायकल विकण्याबरोबर ती चालवायला शिकवण्याचंही काम केलं, आणि दुरुस्तीचंही. म्हणजे गिऱ्हाइकाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवलं.

मुलांना हे सांगताना मी फळ्यावर दोनच शब्द लिहितो : विचारलेलं आणि न विचारलेलं. गिऱ्हाईक जे विचारतं त्याचं उत्तर सगळेच देतात. जे विचारत नाही, पण ज्याच्यामुळे ते निघून जातं, ते ओळखणं ही बोलण्यातली खरी हुशारी. आणि ते ओळखायला तोंडापेक्षा कान जास्त लागतात.

लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची भीती

सायकलींच्या धंद्यावर लक्ष्मणराव थांबले नाहीत. त्यांना स्वतः काहीतरी घडवायचं होतं. आजूबाजूला सगळा शेतकरी समाज. त्याला उपयोगी पडेल असं काय करता येईल? पहिल्यांदा त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. मग १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर.

तेव्हा आपल्याकडे लाकडी नांगर चालायचे. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात, पण नांगर इकडेही तोच. गावातला सुतार तो करून द्यायचा आणि त्याबदल्यात बलुतं न्यायचा. लाकडी नांगर माती फाडतो, पण पलटी करत नाही. काळ्या रानात हराळी आणि कुंदा किती चिवट असतात ते आपल्या भागातल्या शेतकऱ्याला विचारा. मुळं खोल जातात, वरून कितीही फाडलं तरी परत उगवतात. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ उलटवतो, तणाची मुळं उन्हाला उघडी पडतात. असे परदेशी नांगर बाजारात येत होते. लक्ष्मणरावांनी ते देशात घडवायचं ठरवलं.

नांगर चांगला होता, पण कोणी घेईना. पहिले नांगर विकायलाच जवळजवळ दोन वर्षं गेली.

का बरं? शेतकऱ्यांमध्ये समज असा होता की लोखंडामुळे जमिनीत विष पसरतं. जमीन नासते.

पालकहो, आज आपल्याला या समजुतीचं हसू येतं. वर्गातली मुलंही हसतात. त्यांना हसू द्या, पण मग एक प्रश्न विचारा. तुमच्या घरी एकच शेत आहे. त्यावर सगळं घर जेवतं. एक अनोळखी माणूस येतो आणि सांगतो, वाडवडिलांपासूनचं औत सोडा, हे नवीन वापरा. त्याचं ऐकलं आणि चुकलं, तर त्याचा एक नांगर जाईल. तुमचं काय जाईल? वर्षाची भाकरी. मग तुम्ही लगेच हो म्हणाल का?

एवढं विचारलं की वर्ग शांत होतो. मुलांना कळतं की तो शेतकरी मूर्ख नव्हता, सावध होता. विषाची गोष्ट ही त्याच्या सावधपणाला सापडलेली भाषा होती. तो म्हणत होता विष, पण त्याला सांगायचं होतं की माझ्यावर बेतलं तर कोण बघणार?

इथे दोन मार्ग असतात. एक म्हणजे समोरच्याला अडाणी म्हणायचं, त्याच्या अज्ञानावर भाषण द्यायचं. शिकलेली माणसं बहुतेक वेळा हाच मार्ग धरतात, आणि मग लोक ऐकत नाहीत म्हणून तक्रार करतात. दुसरा मार्ग म्हणजे त्याची भीती खरी आहे असं धरून चालायचं आणि तिला पुरेल असा पुरावा समोर ठेवायचा. हा मार्ग संथ असतो. वाद जिंकून नांगर विकला जात नाही. शेजारच्या रानात तो चाललेला दिसला, पुढच्या हंगामात तिथे पीक उभं राहिलं, तण कमी झालं, की मग बांधावरून बघणारा माणूस स्वतःच चौकशी करतो. शेतकऱ्याचा विश्वास दुसऱ्या शेतकऱ्यावर असतो, विकणाऱ्यावर नसतो. दोन वर्षं लागली ती यासाठी.

लक्ष्मणराव त्या दोन वर्षांत नांगर सोडून दुसऱ्या कशाकडे वळले नाहीत, हे मला त्यांच्या चरित्रातलं सगळ्यात मोठं वाटतं. त्यांची ख्याती वक्ता म्हणून नाही. पण आपली वस्तू खरी आहे याची ज्याला खात्री असते, त्याला ओरडावं लागत नाही. त्याला थांबता येतं.

माळरानावरचं गाव

धंदा जरा जम धरतोय तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला त्या भागात वस्ती वाढवायची होती. कारखाना न्यायचा कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधमध्ये लक्ष्मणरावांनी आधी एक बांधकाम करून दिलं होतं, त्यामुळे राजेसाहेब त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची जमीन दिली आणि भांडवलालाही हातभार लावला.

इथेही मुलांच्या लक्षात आणून द्या. राजाने पैसे दिले ते लक्ष्मणरावांनी गोड बोलून मागितले म्हणून नव्हे. आधीचं काम नीट झालं होतं म्हणून. आधी केलेलं काम हीच त्यांची ओळखचिठ्ठी होती.

मार्च १९१० मध्ये मंडळी त्या माळावर पोचली. सगळीकडे निवडुंग, दगड आणि साप. तिथे छपरं उभी राहिली, भट्टी पेटली आणि हळूहळू एक गाव वसलं. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. कारखान्याभोवती कामगारांची घरं, शाळा, पाणी, स्वच्छता असं सगळं आखून वसवलेलं हे देशातल्या अगदी सुरुवातीच्या उद्योगनगरांपैकी एक.

या गावातली एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. ज्यांच्यावर चोरी-दरोड्याचा शिक्का बसला होता, अशा माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतलं आणि त्यांच्याच हाती राखणीचं काम दिलं. ज्याच्याकडे लोक संशयाने बघायचे, त्याच्या हातात किल्ल्या! तुझ्यावर माझा भरवसा आहे, हे वाक्य तोंडाने म्हणणं सोपं असतं. किल्ली हातात दिल्यावर ते समोरच्याला खरं वाटतं. जातीवरून माणसाला दूर ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. हेही त्यांनी वागण्यातूनच सांगितलं.

कामगारांची निवडही अशीच. पदवीच्या कागदापेक्षा हाताचं कसब आणि शिकायची तयारी ते बघत. ते स्वतः रंग न ओळखणारे चित्रकार आणि पदवी नसलेले अभियंते होते. मग दुसऱ्याच्या उणिवेवर ते बोट कसं ठेवणार?

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप असा माल वाढत गेला. पहिल्या महायुद्धात लोखंडाची आणि कोळशाची टंचाई झाली, तशीच परदेशी मालाची आवकही घटली. टंचाईतून वाट काढत कारखाना तगला आणि वाढला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

'खबर' : कारखान्याने लिहिलेलं पत्र

आता येतो तो भाग भाषेच्या शिक्षकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंकरराव, १९१४ च्या सुमाराला किर्लोस्करवाडीत आले. तेही चित्रकार, आणि लेखणीही चांगली. जाहिरात आणि विक्रीचं काम त्यांच्याकडे आलं. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं एक छोटं पत्रक सुरू केलं. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत जावी, एवढाच हेतू.

विचार करा, त्या काळी कारखान्याचं पत्रक म्हटल्यावर काय अपेक्षित होतं? मालाची यादी आणि दर. पण 'खबर' तिथे थांबलं नाही. उद्योग म्हणजे काय, नवीन यंत्रं कशी चालतात, कोणी काय करून दाखवलं, अशी वाचण्यासारखी माहिती त्यात येऊ लागली. चित्रं आली. भाषा साधी. ज्याला काही विकत घ्यायचं नाही, तोही ते वाचू लागला.

पुढे त्याचं नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं. खबर हा परभाषेतून आलेला शब्द म्हणून भाषाशुद्धीच्या चळवळीच्या काळात त्यावर आक्षेप आला होता, त्याचा हा परिणाम. मासिक इतकं वाढलं की १९३० मध्ये त्याच्या जोडीला स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' निघालं. महाराष्ट्रातल्या विचारी घरांत ही तीन मासिकं पिढ्यान् पिढ्या येत राहिली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे गाजलेले लेख 'किर्लोस्कर'मध्येच छापून आले. नांगर विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक मराठी माणसाच्या विचारांचं व्यासपीठ झालं!

हे का घडलं? मला दिसतं ते असं. 'खबर'ने वाचकाला आधी काहीतरी दिलं, आणि मगच काही मागितलं. वाचून झाल्यावर वाचकाच्या गाठीला एक तरी नवी गोष्ट लागायची. अशा घरी पुढचा अंक नको असलेल्या जाहिरातीसारखा येत नाही, पाहुण्यासारखा येतो. आज आपल्या मोबाईलवर दिवसाला कितीतरी विक्रीचे संदेश येतात आणि आपण ते न वाचता पुसतो. त्यांत आपल्यासाठी काहीच नसतं, म्हणून.

आणखी एक लक्षात घ्या. काका रेषेतले, पुतण्या शब्दातला. रामूअण्णा व्यवहार आणि माणसं सांभाळणारे. एकाच माणसाला सगळं यायलाच हवं असं नाही. पण ज्याला वस्तू कळते आणि ज्याला सांगता येतं, ते दोघं एकाच घरात असले पाहिजेत आणि एकमेकांचं ऐकणारे असले पाहिजेत.

अखेरची वर्षं

नांगरातून सुरू झालेला हा व्याप पुढे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पंप, इंजिनं आणि इतर यंत्रांपर्यंत नेला. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिचा तडाखा किर्लोस्करवाडीलाही बसला. उतारवयात लक्ष्मणरावांना आपण उभा केलेला कारखाना जळालेला बघावा लागला. तो पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मग वर्गात काय करायचं?

चरित्र सांगून झालं, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या तासाला मुलं परत त्वरा करा लिहायला लागली, तर उपयोग नाही. म्हणून दोन तासिकांचा एक उपक्रम सुचवतो. आठवी ते दहावीला चांगला जमतो, सातवीलाही सोपा करून घेता येईल.

१. प्रत्येक मुलाने आपल्या घरची किंवा गावची एक खरी वस्तू निवडायची. दूध, खवा, शेळी, कडबा, शिवणकाम, पिठाची गिरणी, काहीही चालेल. काल्पनिक कंपनी नको.

२. ती वस्तू घेणाऱ्या एका खऱ्या माणसाला भेटून तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही ही का घेता? घेताना कशाची भीती वाटते? आधी कधी फसलात का? उत्तरं त्याच्याच शब्दांत वहीत लिहायची. दुरुस्ती करायची नाही.

३. त्या भीतीला उत्तर देणारी फक्त चार वाक्यं लिहायची. अट एकच. उत्तम, दर्जेदार, सर्वोत्कृष्ट, एकमेव हे शब्द वापरायचे नाहीत. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल किंवा मोजता येईल असं काहीतरी सांगायचं.

४. ती चार वाक्यं वर्गासमोर वही न बघता बोलायची. बाकीची मुलं गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारतील. माहीत नसेल तर मला माहीत नाही, विचारून सांगतो, असं म्हणायची मुभा आहे. किंबहुना ते म्हणायला शिकवायचंच.

खव्याचं उदाहरण घेऊ. मुलगा आधी लिहील की आमचा खवा शुद्ध आणि स्वादिष्ट आहे. असं तर सगळेच लिहितात, भेसळ करणाराही. गिऱ्हाइकाची भीती नेमकी भेसळीची आणि शिळेपणाची असते. मग त्याला लिहायला लावा : खवा कोणत्या जनावराच्या दुधाचा, किती लिटर दुधाचा किती किलो झाला, सकाळी किती वाजता भट्टीवरून उतरला, किती दिवसांत संपवावा. आणि भट्टी कुठे आहे, कोणीही येऊन बघू शकतो का? हे लिहायला मुलाला घरी विचारावं लागेल. बऱ्याच मुलांना आपल्याच घरचा धंदा या निमित्ताने पहिल्यांदा कळतो. हा या उपक्रमाचा मोठा फायदा.

एक खबरदारी. चार वाक्यांत एकही खोटं वाक्य चालणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. खवा कालचा असेल तर कालचा म्हणायचं. लक्ष्मणरावांचा नांगर जर खरंच कुचकामी असता, तर कितीही वाट बघून आणि कितीही चांगलं लिहून तो टिकला नसता. बोलण्याने माल एकदा विकला जातो. दुसऱ्यांदा मालच बोलतो.

पालकांसाठी दोन शब्द

बाजारात, दुकानात, डेअरीवर मुलाला बरोबर नेता तेव्हा गिऱ्हाइकाला उत्तर त्याला देऊ द्या. अडखळेल, एखादं वाक्य अर्धवट राहील. लगेच मध्ये बोलू नका. मुलगी असेल तर तिलाही पुढे करा. हिशेब आणि बोलणं हे काही फक्त मुलग्यांचं काम नाही. बोली भाषेत बोलत असेल तर बोलू द्या. गिऱ्हाइकाला शुद्ध भाषा नको असते, स्पष्ट उत्तर हवं असतं. प्रमाण भाषा आपण शाळेत शिकवूच.

आणि घरी आल्यावर एकच विचारा : समोरच्या माणसाला नेमकं काय हवं होतं, तुला कळलं का?

हे कळायला पहिल्यांदा वेळ लागेल. लागू द्या. लोखंडी नांगरालाही दोन वर्षं लागली होती.

उपक्रम करून पाहिलात तर तुमच्या वर्गातल्या मुलांनी कोणत्या वस्तू निवडल्या, गिऱ्हाइकांनी कोणत्या भीती सांगितल्या, ते जरूर कळवा. त्यातली चांगली चार-चार वाक्यं आपण पुढच्या पाठात सगळ्यांना वाचायला देऊ.